उन्हातला ऑक्सिजन

(उमरी, जि. नांदेड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी विषय माझ्यावर सोडला होता. अट एकच घातली. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी आहे त्या गुरुजींनी जन्मभर विज्ञान शिकवलं, तेव्हा व्याख्यान विज्ञानावर हवं आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही ते कळायला हवं. मी म्हटलं, मग उन्हावरच बोलतो. उमरीत उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही.

स्टेशनाकडून बाजाराकडे येताना फ्लेक्स लागतात. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे. नवा फ्लेक्स लागतो तेव्हा त्यावरचे पुढारी गुलाबी, तजेलदार असतात. एक उन्हाळा गेला की त्यांचे चेहरे निळे पडतात. पक्ष कोणताही असो. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. पावसाला उगाच दोष देऊ नका, हे काम उन्हाचं आहे आणि उन्हाच्या जोडीला ऑक्सिजनचं. शाईचा रेणू प्रकाश शोषतो आणि काही क्षण उत्तेजित अवस्थेत राहतो. ती जादा ऊर्जा तो शेजारच्या ऑक्सिजनला देऊन मोकळा होतो. एरवी सोशिक असणारा ऑक्सिजन मग चवताळतो आणि त्या शाईवरच तुटून पडतो. प्रकाशामुळे होणारं हे ऑक्सिडीकरण. हीच रसायनक्रिया आपल्या कातडीतल्या पेशींत, त्यांच्या केंद्रकातल्या डीएनएपर्यंत जाऊन पोचते आणि ती चालू असताना आपल्याला काहीही जाणवत नाही, हे मला आज सांगायचं आहे.

काहीही जाणवत नाही, हे जरा नीट समजून घेऊ. आपण ऊन ओळखतो ते चटक्यावरून. तो चटका बहुतांशी अवरक्त आणि दृश्य किरणांचा असतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास, आणि ते ओळखणारी एकही नस आपल्या कातडीत नाही. त्यामुळे जानेवारीत हुरडा खायला आखाड्यावर बसलेला माणूस म्हणतो, काय मस्त कोवळं ऊन आहे! आणि साडेअकरा वाजलेले असतात.

अतिनील किरणांचे तीन गट करतात. १०० ते २८० नॅनोमीटर हा 'सी' गट, २८० ते ३१५ हा 'बी' आणि ३१५ ते ४०० हा 'ए'. 'सी' किरण वरच अडतात, ओझोनचा थर त्यांना खाली येऊ देत नाही. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला दिवा याच 'सी' गटातले किरण सोडतो. जंतूंचं डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतं आणि दिव्याचा प्रकाश २५४चा असतो, म्हणून जंतू मरतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के 'ए' असतात, उरलेले 'बी'.

'बी' किरणांचं काम सरळ आहे. डीएनए स्वतःच ते शोषतं. निसर्गानं याचीही सोय केलेली आहे. शोषलेली ऊर्जा डीएनएची अक्षरं, म्हणजे त्याच्या पट्ट्यांवर ओळीनं बसलेले छोटे रेणू, एका सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास उष्णतेच्या रूपात टाकून देतात आणि बहुतेक वेळा काहीच घडत नाही. क्वचित एखाद्या वेळी मात्र एकाच पट्टीवरची दोन शेजारी थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात. हे जोडथायमिन १९६० साली हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये ब्यूकर्स आणि बेरेंड्स यांना सापडलं. थायमिनच्या द्रावणावर नुसता अतिनील प्रकाश टाकून विशेष काही हाती लागेना. द्रावण गोठवल्यावर जोड्या मिळाल्या, कारण बर्फात रेणू एकमेकांना चिकटून, जागच्या जागी धरलेले असतात. डीएनएतही ते तसेच एकावर एक रचलेले असतात. हा झाला थेट मार. पाठ्यपुस्तकात एवढाच येतो, आणि पोरं परीक्षेत एवढाच लिहितात.

'ए' किरणांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. डीएनए हे किरण फारसे शोषत नाही. ते शोषणारे रेणू पेशीत दुसरेच असतात. ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, हा त्यातला एक. रक्तातला लाल पदार्थ बनताना मध्ये तयार होणारी पॉर्फिरिनं, हे दुसरे. यांपैकी कुणीतरी प्रकाश शोषतो, उत्तेजित होतो, आणि पुढे दोन वाटा फुटतात. एकीत तो थेट डीएनएच्या अक्षरातून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. दुसरीत तो ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि ऑक्सिजनचं एक तापट रूप तयार होतं. फ्लेक्सच्या शाईत घडतं ते हेच. ज्याच्या घरी दुभतं आहे त्यानं काचेच्या बाटलीत दूध भरून ती तासभर उन्हात ठेवून पाहावी. फार तापायच्या आधीच दुधाला ओशट, जळकट वास येऊ लागतो. दुधातलं रायबोफ्लेविन आणि ऑक्सिजन यांनी मिळून केलेली ती करामत असते.

डीएनएची अक्षरं चार: अ‍ॅडेनिन, थायमिन, सायटोसिन, ग्वानिन. ऑक्सिजनला यांतलं सर्वांत सोपं भक्ष्य म्हणजे ग्वानिन, कारण त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं सर्वांत स्वस्तात पडतं. डीएनएच्या पट्टीवर दुसऱ्या कुठे जरी इलेक्ट्रॉन हरवला, तरी ती उणीव सरकत सरकत पुष्कळदा ग्वानिनवरच येऊन थांबते. ग्वानिनच्या आठव्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजनचा एक अणू बसतो आणि आठ-ऑक्सोग्वानिन तयार होतं. १९८४ साली टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोशी कासाई आणि सुसुमू निशिमुरा यांनी ते ओळखलं. गंमत म्हणजे त्यांचा शोध उन्हाचा नव्हता. भाजलेल्या, तापवलेल्या अन्नात तयार होणारी घातक द्रव्यं ते शोधत होते. वाट वेगळी होती, पण पोचले ते याच खुणेपाशी. आज जगभर पेशींतलं ऑक्सिडीकरण मोजायला हाच रेणू मोजतात.

एका ऑक्सिजनच्या अणूनं एवढं काय बिघडतं? ग्वानिनची जोडी सायटोसिनशी लागते. पण आठव्या जागी ऑक्सिजन बसलेलं ग्वानिन कड फिरवून अ‍ॅडेनिनशीही जुळतं. सातबाऱ्याचा उतारा हातानं लिहिण्याच्या काळात मूळ दप्तरातल्या एखाद्या अक्षरावर शाईचा ठिपका पडला, तर पुढचा कारकून 'घ'चा 'ध' वाचायचा आणि नक्कल करून मोकळा व्हायचा. नक्कल सुबक दिसायची, म्हणून कुणाला संशय येत नसे. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते तेव्हा असंच होतं. सायटोसिनच्या जागी अ‍ॅडेनिन बसतं आणि त्याच्यापुढच्या फेरीत मूळ ग्वानिनच्या जागी थायमिन. आता चुकीची काही खूणच उरत नाही. ती कायमची झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हल्ली 'ऑक्सिडेशन' हा शब्द टीव्हीवरच्या जाहिरातींत फार स्वस्त झाला आहे. माणसाच्या कातडीत 'ए' किरणांमुळेसुद्धा संख्येनं जास्त होतात ती जोडथायमिनंच. आठ-ऑक्सोग्वानिन त्यांच्या मानानं कमी. मग ऑक्सिजनची एवढी चर्चा कशाला? कारण तो डीएनएवर थांबत नाही. पेशीचं आवरण, प्रथिनं आणि त्यांत डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनंसुद्धा त्याच्या तडाख्यात सापडतात. ज्यानं दुरुस्त करायचं तोच जखमी झाला, तर थेट मारानं झालेल्या जखमाही तशाच पडून राहतात. लंडनमध्ये पीटर कॅरन यांच्या गटानं हे चांगलं उलगडलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना पूर्वी सर्रास अ‍ॅझाथायोप्रिन देत. ते औषध शरीरात मोडून गंधकयुक्त ग्वानिन बनतं आणि डीएनएमध्ये जाऊन बसतं. साधं ग्वानिन 'ए' किरण शोषत नाही, हे गंधकवालं शोषतं. म्हणजे ऑक्सिजनला चिथावणारा रेणू खुद्द डीएनएच्या पट्टीतच येऊन बसला. अशा रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण एवढं जास्त का, याचा एक मोठा धागा २००५ साली तिथे सापडला. नांदेड-लातूरकडे प्रत्यारोपण करून परतलेली माणसं आता गावोगाव आहेत. डॉक्टर त्यांना उन्हात जाऊ नका म्हणतात ते उन्हाळी लागेल म्हणून नव्हे.

आता आपल्या बांधावर या. बावची तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. काळ्या रानात उगवणारं, जांभळट निळ्या बारीक फुलांचं झुडूप. बी काळं, उग्र वासाचं. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचं, हा उपाय आयुर्वेदात फार जुना आहे. बियांतलं सोरॅलेन डीएनएच्या दोन पट्ट्यांमध्ये सपाट घुसून बसतं. अंधारात ते निरुपद्रवी असतं. 'ए' किरण पडले की ते थायमिनला चिकटतं, आधी एका पट्टीवर, मग समोरच्याही. दोन्ही पट्ट्या एकमेकींना जखडल्या जातात. जोडीला ऑक्सिजनही तापतो. म्हणजे आपल्या वैद्यांनी अतिनील किरण आणि डीएनए यांचा हा मेळ कधीच घडवून आणला होता. त्यामागचा रेणू ठाऊक नसल्यानं त्यांचं काही अडलं नाही. नाईल नदीच्या काठी असंच काम दुसऱ्या एका वनस्पतीकडून करून घेत. १९७४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरॅलेनची गोळी आणि 'ए' किरणांचा दिवा यांचा मेळ घालून सोरायसिसवर उपचार प्रसिद्ध केले. त्या शोधनिबंधावर चौथं नाव मधु पाठक यांचं आहे. कोडावरही हे उपचार चालतात आणि जगभर वापरले गेले.

पण त्याचं देणंही द्यावं लागलं. १९७९ साली रॉबर्ट स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. उपचार घेतलेल्यांत त्वचेचे कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त निघाले होते. आता डॉक्टर मात्रा मोजूनमापून देतात आणि बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी 'बी' किरणांचा अरुंद पट्टा वापरतात. आठवडी बाजारात कोडावर बावचीचं तेल विकणारे अजून भेटतात. ते घरी लावून बाराच्या उन्हात बसू नका. भाजल्यासारखे फोड येतात, आणि डाग तर जात नाहीच, वर नवा पडतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ही काही आयुर्वेदावरची टीका नाही. ज्या औषधात खरंच जोर आहे, त्याचीच मात्रा चुकली की बाधते.

मग आपल्या रंगाचं काय? मराठवाड्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं आपण. आपल्याला काय होतंय, असं मला पुष्कळ जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं आणि बरेच किरण अडवतं. गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानानं आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी. पण २०१५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात संजय प्रेमी, डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांनी एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. मेलॅनिन बनवणाऱ्या रंगपेशींवर त्यांनी अतिनील प्रकाश टाकला, मग दिवा बंद केला. अंधारात त्या पेशींत जोडथायमिनच्या जातीच्या जखमा होतच राहिल्या, तीन तासांहून जास्त वेळ. दिवसाकाठी होणाऱ्या अशा जखमांपैकी निम्म्याच्या वर अंधारातल्या असू शकतात, असा त्यांचा हिशोब.

अंधारात प्रकाशाची जखम कशी होईल? किरणांमुळे पेशीत ऑक्सिजन आणि नायट्रोजनची तापट संयुगं तयार होतात. ती दोन्ही मिळून मेलॅनिनच्या तुटक्या तुकड्यांना उत्तेजित करतात. काजवा रसायनातून प्रकाश निर्माण करतो. इथे प्रकाश बाहेर न पडता ती ऊर्जा थेट डीएनएला दिली जाते. थेट मार आणि ऑक्सिजनचा मार हे दोन वेगळे कप्पे मी मघाशी केले. या प्रयोगानं त्यांच्यातली भिंतच पाडली. शेवटची जखम थेट माराची, पण ती झाली ऑक्सिजनच्या वाटेनं, आणि तीही बाई रानातून घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर. तपकिरी-काळ्या मेलॅनिनपेक्षा लालसर मेलॅनिन यात जास्त खोडसाळ आहे. म्हणजे आपल्या छत्रीचा फायदा खराच, फक्त ती पूर्ण कोरडं ठेवत नाही एवढंच.

डोळ्याच्या पारदर्शक भागांना तर ही छत्री नाहीच. शेतकऱ्याच्या डोळ्यात 'मांस वाढतं', मोतीबिंदू होतो, त्यात उन्हाचाही वाटा आहे. भिंगातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात. ऑक्सिजननं त्यांचं केलेलं नुकसान साठत जातं.

एवढं सगळं रोज घडत असताना आपण जिवंत कसे, असा प्रश्न पडायला हवा. पेशी रात्रंदिवस डागडुजी करते, म्हणून. आठ-ऑक्सोग्वानिन हुडकणारं एक विकर आहे. ते नेमकं तेवढंच अक्षर कापून काढतं आणि रिकाम्या जागी नवं ग्वानिन बसतं. जोडथायमिनसाठी मोठं पथक लागतं. माणसात ते तीसेक अक्षरांचा तुकडाच्या तुकडा उचलतं आणि समोरच्या पट्टीवरून पुन्हा लिहितं. हे काम उलगडणारे अझीझ सँजार तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या गावचे; लहान गावातून निघून, डॉक्टर होऊन, मग संशोधनाकडे वळलेले. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल तोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्याबरोबर त्यांना मिळालं. विद्यार्थ्यांनी सावूर नकाशावर शोधावं.

या पथकातलं एक प्रथिन जन्मतःच नसलं तर काय होतं, हे झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आजारात दिसतं. व्हिएन्नाच्या कापोसी यांनी तो एकोणिसाव्या शतकात नोंदवला. १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना अतिनील जखमा दुरुस्त करता येत नाहीत. लहान वयात चेहऱ्यावर दाट तीळ-ठिपके, उजेड सहन न होणं, आणि विशीच्या आत त्वचेच्या कर्करोगाचा धोका हजारो पटींनी जास्त. आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं. तेलंगणाच्या सीमेवर, म्हणजे धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात, मामा-भाचीचंही होतं. नातं जितकं जवळचं, तितकी एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता जास्त. आजार अगदी दुर्मीळ आहे, पण घरात असं मूल असेल तर पुढच्या सोयरिकीआधी डॉक्टरांशी बोलावं. त्या मुलाला 'देवीचा कोप' म्हणून अंगणात बसवू नये. त्याला उन्हाआड ठेवणं हाच त्याच्यावरचा मुख्य इलाज आहे.

उलट्या टोकाला अतिनील किरणांना पुरून उरणारे जंतू आहेत. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून मोठमोठे फुगे आकाशात सोडतात. नांदेड, लातूर, परभणीकडे एखादं उपकरण हवाई छत्रीनं उतरलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना वर्तमानपत्रांतून येते ती याचसाठी. २० एप्रिल २००५ रोजी असा एक फुगा २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून आला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तिची तपासणी झाली. त्यात तीन नव्या जातींचे जंतू निघाले. एकाला आर्यभटाचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं. जमिनीवरच्या भावकीपेक्षा हे तिघंही अतिनील किरणांना जास्त दाद न देणारे निघाले. ते परग्रहावरून आले असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि इस्रोनंही तसा दावा केला नव्हता.

मग करायचं काय? आधी, काय करू नये ते. ऑक्सिडीकरण वाईट म्हणून त्याच्याविरुद्धच्या गोळ्या विकत घेऊ नका. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. शेवगा, अंबाडी, गाजर खा. गोळीचं नाव काढू नका. ऊन पूर्णपणे टाळूही नका, ड जीवनसत्त्वाला 'बी' किरण लागतातच. कापड मात्र बघून घ्या. शुभ्र, विरळ, धुऊन-धुऊन झिजलेलं सुती कापड किरण बरेच आत सोडतं, घामानं भिजलं की आणखी. दाट विणीचं, गडद, कोरडं कापड चांगलं. न उजळलेल्या कच्च्या कापसात किरण शोषणारी नैसर्गिक द्रव्यं शिल्लक असतात. कापसाच्या या बाजारपेठेला हे सांगताना मला बरं वाटतंय.

दुसरी गोष्ट वेळेची. उष्म्याच्या सरकारी सूचना दुपारी १२ ते ३ सांभाळा म्हणतात. पारा तीनच्या सुमाराला चढतो, म्हणून ते उष्म्यासाठी ठीक आहे. अतिनील किरणांचा कळस मात्र सूर्य माथ्यावर असताना, उमरीच्या घड्याळात सव्वाबाराच्या सुमाराला येतो. सकाळी दहापासून उन्हात असलेल्या मजुराचा कोटा बारापर्यंत बराचसा भरलेला असतो. इथे एक सोपं माप उपयोगी पडतं: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण जोरात आहेत. उमरीचा अक्षांश १९च्या आसपास. मेच्या मध्यावर इथे सावली सकाळी नऊच्या सुमारास उंचीपेक्षा आखूड होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत तशीच राहते. डिसेंबरच्या शेवटी हाच अवधी जेमतेम दोन तासांचा असतो. हा माझा कागदावरचा हिशोब आहे. शाळेच्या मैदानात एक सरळ काठी, मोजपट्टी आणि चुन्याची रेघ एवढ्या सामानावर नववीच्या पोरांना वर्षभर महिन्यातून एकदा तो पडताळता येईल. कवायतीचा आणि खेळाचा तास कुठे ठेवायचा, ते मुख्याध्यापकांनी मग पोरांनी काढलेल्या आकड्यांवरून ठरवावं.